खत घातलं की रताळ्यातलं सत्त्व जातं का? (आषाढीच्या लागणीआधी विचारतेय)

सीनाकाठची (माढा)
9 जानेवारी, रात्री 9:20

नमस्कार मंडळी.

आमचं शेत माढा तालुक्यात, सीनेच्या काठाला. दोन एकर रताळी असतात. एक हंगाम महाशिवरात्रीला निघतो, दुसरा आषाढीला. बराचसा माल पुण्याला आणि पंढरपूरला जातो, पण हल्ली सोलापुरात जुळे सोलापूर आणि विजापूर रोडच्या काही सोसायट्यांत मी थेट पोच देते. भाव बरा मिळतो आणि खाणारी माणसं समोर भेटतात.

अडचण तिथेच सुरू झाली. प्रत्येक सोसायटीत कोणीतरी विचारतंच, "खत घातलंय का? मग काय उपयोग, सगळं सत्त्व गेलं असेल." घरी मामंजी म्हणतात युरियाशिवाय वेल उठत नाही. दीर म्हणतात सगळं बंद करून जीवामृतावर (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) जाऊ. मला दोघांशी भांडायचं नाही, पण पेटीवर जी चिठ्ठी लावते तिच्यावर खरं तेच लिहायचंय. उपवासाच्या दिवशी घरातली लहान पोरं आणि म्हातारी माणसं दिवसभर यावरच असतात.

सध्या एकरी असं चालतं: शेणखत दोन ट्रॉल्या, लागणीला डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) एक बॅग, महिन्याने युरिया एक बॅग, दोन महिन्यांनी अजून एक. पोटॅश काही नाही, कारण माती परीक्षणात पालाश (पोटॅशियम) "भरपूर" आलं. त्याच कागदावर सामू (पीएच) 8.2, चुनखडी जास्त, नत्र (नायट्रोजन) कमी, स्फुरद (फॉस्फरस) कमी, जस्त कमी. जमीन मध्यम काळी, पाणी ठिबकवर.

तर विचारायचं असं, की खताने रताळ्यातलं पोषण बदलतं का, बदललं तर कुठल्या खताने काय बदलतं, आणि ते खाणाऱ्याला जाणवण्याइतकं असतं का?

---

काळी_जमीन (करमाळा)
9 जानेवारी, रात्री 10:05

ताई, आमी उजनीच्या फुगवट्यावर हाय. पाणी हाय म्हणून लोक पाणी बी सोडत्यात आन् युरिया बी. तुमचा तो दोन महिन्यांचा दुसरा युरिया आधी बंद करा. त्या टायमाला खाली गड्डे भरायला लागल्याले असत्यात, आन् तुमी वरून नत्र दिलं की वेल पुन्यांदा माजतो. रान हिरवंगार दिसतं, काढणीला बघाल तर बोटाएवढी मुळं. जी रताळी निघत्यात ती पाणचट. उकडली की पिठूळ होत न्हाईत, आन् पोत्यात चार दिस ठिवली की नासत्यात.

जीवनसत्त्वाचं मला ठावं न्हाई, ते शिकल्याले सांगतील. पर पाणचट रताळ्यात सत्त्व कमी असणार एवढं कळतंय.

---

शेंगाचटणी (सोलापूर)
9 जानेवारी, रात्री 10:40

मी तुमच्यासारख्यांकडून घेणारी आहे म्हणून लिहिते. आम्ही "खत घातलंय का" असं विचारतो तेव्हा निम्म्या जणींच्या मनात फवारणीचं औषध असतं. दोन्ही गोष्टी आमच्या डोक्यात एकच झाल्यात. तुम्ही चिठ्ठीवर औषध कोणतं आणि काढणीच्या किती दिवस आधी मारलं एवढं लिहिलं तरी आमची अर्धी काळजी जाईल.

---

मृदा_वाचक
10 जानेवारी, सकाळी 7:15

माझं शिक्षण मृदाशास्त्राचं, काम माती-पाणी तपासणीचं. आधी ताईंच्या डोसचा हिशेब करू, कारण पोषणाचं उत्तर त्यातच आहे.

डीएपीच्या 50 किलोच्या बॅगेत 18 टक्के नत्र, म्हणजे 9 किलो. युरियाची बॅग 45 किलोची, नत्र 46 टक्के, दोन बॅगांतून 41 किलोच्या वर. दोन ट्रॉल्या शेणखत चार टन धरलं, तर त्यात 20 किलोच्या आसपास नत्र असतं आणि पहिल्या हंगामात त्यातला साधारण तिसरा हिस्सा पिकाला मिळतो. बेरीज एकरी 55 किलोच्या पुढे जाते. केरळ कृषी विद्यापीठाची रताळ्याची शिफारस हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश 75:50:75 किलो आणि 10 टन शेणखत अशी आहे. एकरात ती 30:20:30 होते. तिथली जमीन आंबट आणि हलकी, आपली चुनखडीची काळी, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नका. पण त्यात नत्र आणि पालाश बरोबरीने आहेत, हे बघण्यासारखं आहे. तुमच्याकडे नत्र दीडपटीहून जास्त आणि पोत्यातून पालाश शून्य.

आता पीक नेतं किती ते बघा. 100 ग्रॅम कच्च्या रताळ्यात साधारण 337 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एकरी 8 टन माल गेला तर शेतातून 27 किलो पोटॅशियम गेलं, खताच्या भाषेत 32 किलो पालाश. त्याच 8 टनांतून नत्र जातं 20 किलोच्या आसपास. वेल जनावरांना घातला तर त्यातलं वेगळं. म्हणजे गड्ड्यांना नत्रापेक्षा पालाश जास्त लागतं आणि तुम्ही ते फक्त शेणखतातून आणि जमिनीच्या साठ्यातून देताय. कागदावर "भरपूर" आहे म्हणून लगेच कमतरता दिसणार नाही. पण वर्षाला दोन हंगाम काढून फक्त शेणखतावर भागवणं फार काळ चालत नाही.

नत्र जास्त झालं तर काळी_जमीन दादांनी सांगितलं तेच होतं. लागणीनंतर साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात कोणती मुळं फुगणार ते ठरतं. त्या वेळी आणि त्यानंतर नत्र मुबलक असेल तर पानांनी तयार केलेलं अन्न वेल वाढवण्यात जातं. गड्ड्यात पाणी वाढतं, कोरडा भाग आणि स्टार्च कमी होतो. अनेक फळांत आणि भाज्यांत जास्त नत्राने क जीवनसत्त्व घटतं असंही दिसलंय. प्रथिनं मात्र कागदावर वाढतात. कागदावर म्हणण्याचं कारण असं, की प्रयोगशाळेत एकूण नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणतात आणि त्याला प्रथिन म्हणतात. जास्त युरियाच्या रताळ्यात त्या नत्राचा एक भाग ॲस्पॅराजिनसारख्या सुट्या रूपात असतो. हे ॲस्पॅराजिन आणि साखर कडक तेलात एकत्र आले की ॲक्रिलामाइड तयार होतं, जे शरीराला चांगलं नाही. उपवासाचे वेफर्स करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पालाश पानातली साखर गड्ड्याकडे नेण्याच्या कामात लागतं. ते पुरेसं असेल तर गड्डे भरतात, आकार येतो, स्टार्च चांगला बसतो. पण पालाशासाठी नेहमी वापरतात त्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये जवळजवळ निम्मा भाग क्लोराइड असतो आणि जास्त क्लोराइडने कंदात कोरडा भाग कमी होतो. आपल्याकडे बऱ्याच विहिरींचं पाणी आधीच मचूळ. तुमच्या पाण्याची क्षारता जास्त असेल तर सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे ठिबकमधून 0:0:50, महाग असलं तरी तेच घ्या. त्यातून गंधकही मिळतं.

स्फुरद. रताळ्याच्या मुळांशी स्फुरद मिळवून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीची चांगली सोबत असते, त्यामुळे त्याला स्फुरद फार लागत नाही. डीएपीऐवजी दाणेदार सुपर फॉस्फेट घेतलं तर नत्र वेगळं हाताळता येतं आणि गंधक, कॅल्शियमही येतं.

जस्त आणि लोह. चुनखडीच्या जमिनीत सामू 8 च्या पुढे असताना फेरस सल्फेट टाकलं तर ते लवकरच न मिळणाऱ्या रूपात जातं. झिंक सल्फेट शेणखतात मुरवून दिलं तर वेलाला फायदा होतो, उत्पादन सुधारतं. पण पानात वाढलेलं जस्त गड्ड्यात त्या प्रमाणात उतरत नाही. म्हणून "जस्तयुक्त रताळी" असं काही चिठ्ठीवर लिहू नका.

बोरॉन कमी असेल तर आतून तपकिरी डाग पडतात. ते दिसले तरच विचार करा, कारण गरजेपेक्षा थोडं जास्त झालं तरी बोरॉन पिकाला बाधतं.

---

सीनाकाठची
10 जानेवारी, दुपारी 1:30

सर, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. मामंजींना वाचून दाखवलं. नत्र इतकं जास्त होतंय हे ऐकून ते गप्प बसले, मग म्हणाले, "दुसरी बॅग नको, पहिली राहू दे." तेवढं मला पुरे.

पण माझा प्रश्न अजून निम्माच सुटलाय. आमची रताळी लाल सालीची, आतून पांढरी. लोक म्हणतात रताळ्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. ते आमच्यात आहे का? खताने वाढवता येईल का?

---

सेंद्रिय_मंगळवेढा
10 जानेवारी, दुपारी 3:10

थोडं वेगळं मत मांडतो. मी रासायनिक खत पूर्ण सोडलंय. रताळी लहान निघतात, पण गोडी आणि पिठूळपणा शेजाऱ्याच्या मालापेक्षा चांगला असतो हे खाणारेच सांगतात. 2014 साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये 343 शोधनिबंध एकत्र करून अभ्यास आला होता. त्यात सेंद्रिय मालात अँटिऑक्सिडंट जास्त, कॅडमियम (विषारी धातू) आणि औषधांचे अंश कमी, असं निघालं. मग खताने पोषणावर फरक पडत नाही असं कसं म्हणणार? सीनाकाठची ताई, दिरांचं म्हणणं एकदम उडवून लावू नका.

---

मृदा_वाचक
10 जानेवारी, संध्याकाळी 6:45

दादा, तुम्ही सांगितलेला अभ्यास खरा आहे आणि त्याचं एक कारण नत्राशीच जोडलेलं मानतात. नत्र बेताचं मिळालं की झाड पॉलिफेनॉलसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्यं जास्त बनवतं. त्याच्या आधी 2009 मध्ये डॅंगूर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आढाव्यात पोषणमूल्यात ठळक फरक दिसला नव्हता. दोन्ही वाचून माझं मत असं, की फरक पडतो तो नत्र किती आणि कधी मिळालं यामुळे. ते पोत्यातून आलं की गोठ्यातून, हे त्यामानाने दुय्यम.

तुमचा माल पिठूळ होतो याचं कारण तुमचा वेल माजत नाही हे असावं. युरिया निम्मा केला तर ताईंचाही तसाच होईल. उलट कोंबडीखत भरमसाट टाकणाऱ्याचा माल पूर्ण सेंद्रिय असूनही पाणचट निघतो. कोंबडीखतात शेणखताच्या कितीतरी पट नत्र असतं. आणि न कुजलेलं शेण रताळ्याच्या रानात टाकलं तर हुमणीला (मुळं-कंद खाणारी अळी) आमंत्रण.

जमिनीसाठी शेणखत हवंच, त्यात वाद नाही. आपली काळी जमीन त्याने भुसभुशीत राहते, गड्डा सरळ पोसतो आणि पाणी धरलं जातं.

---

पोषणपाणी (आहारतज्ज्ञ, सोलापूर)
10 जानेवारी, रात्री 9:55

अ जीवनसत्त्वाचं मी सांगते. चिठ्ठीवर सगळ्यात जास्त चुकीचं याच बाबतीत लिहिलं जातं.

रताळ्यात थेट अ जीवनसत्त्व नसतं, बीटा-कॅरोटीन असतं आणि शरीर त्याचं अ जीवनसत्त्व करतं. ते नारिंगी गराच्या रताळ्यात भरपूर असतं, पांढऱ्या गरात अगदी नगण्य. इंटरनेटवर जे आकडे फिरतात ते बहुतेक अमेरिकेतल्या नारिंगी रताळ्याचे. आषाढीला आपण खातो त्या पांढऱ्या गराच्या रताळ्याला ते लावणं खाणाऱ्याची फसवणूक होईल.

हे वाण ठरवतं, खत नाही. पांढऱ्या गराच्या वाणाला कितीही आणि कोणतंही खत द्या, तो नारिंगी होणार नाही. नारिंगी वाणात मात्र खत, पाणी आणि पिकाचं वय यांनी कॅरोटीन थोडं वरखाली होतं. नत्राबद्दल वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगांत निष्कर्ष जुळत नाहीत, कुठे वाढलं तर कुठे काहीच फरक नाही. पण उपाशी जमिनीत योग्य खत दिलं की उत्पादन वाढतं आणि त्यामुळे एकरी मिळणारं एकूण कॅरोटीन वाढतं. गरीब घरात पोटभर नारिंगी रताळी पोचणं महत्त्वाचं असेल, तर हे छोटं नाही. आफ्रिकेत लहान मुलांतली अ जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढायला नारिंगी रताळी घरोघर नेणाऱ्या मारिया अँड्राडे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना पोषणसमृद्ध पिकांचं काम करणाऱ्या हॉवर्थ बॉईस यांच्याबरोबर 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने (मुख्यालय तिरुवनंतपुरम, प्रादेशिक केंद्र भुवनेश्वर) भू सोना हा वाण काढलाय. त्याच्या 100 ग्रॅममध्ये 14 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असतं, आणि त्यातलं शंभरेक ग्रॅम खाल्लं तरी मोठ्या माणसाची दिवसाची गरज जवळपास भागते. त्यांचाच भू कृष्णा जांभळ्या गराचा, त्याच्या 100 ग्रॅममध्ये 90 मिलिग्रॅम अँथोसायनिन (जांभळं रंगद्रव्य). दोन्हींची शिफारस ओडिशासाठी आहे, त्यामुळे सोलापुरात आधी थोड्यावरच लावून बघावे लागतील. एक गोष्ट आधीच सांगते. नारिंगी गरात कोरडा भाग सहसा कमी असतो, तो मऊ लागतो. आपल्या लोकांना पिठूळ आवडतं, म्हणून खाणाऱ्यांना आधी चव देऊन मगच क्षेत्र वाढवा.

प्रथिनांचं म्हणाल तर 100 ग्रॅम रताळ्यात दीड ग्रॅमच्या आसपास. युरियाने ते थोडं वाढलं असं धरलं तरी ताटात काही बदलत नाही. मूठभर, म्हणजे 25 ग्रॅम शेंगदाण्यात 6 ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. आपण भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी करतोच, उपवासाला प्रथिनं तिथून येतात. रताळ्याकडून ऊर्जा, तंतू आणि पोटॅशियम घ्यावं.

आणि खाणाऱ्यासाठी सगळ्यात मोठा फरक स्वयंपाकघरात पडतो. जमैकात दहा वाणांवर केलेल्या अभ्यासात उकडलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते याचं माप) 41 ते 50 आला, तर भट्टीत भाजलेल्यांचा 82 ते 94. वाण तेच, फक्त शिजवणं वेगळं. सावकाश तापताना रताळ्यातलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्चची माल्टोज साखर करतं आणि भाजलेलं रताळं इतकं गोड लागतं त्याचं मोठं कारण हेच. माझ्याकडे येणाऱ्या मधुमेहींना मी सांगते, उकडून, सालासकट, ताकाबरोबर आणि बेताने. गुळाच्या पाकातली आणि भाजलेली रताळी टाळा.

---

काळी_जमीन
10 जानेवारी, रात्री 10:30

म्याडम, आमच्या आईला शुगर हाय. ती एकादशीला चुलीतली भाजल्याली रताळीच खाती, "फळ हाय, त्यानं काय हुतंय" म्हनती. तुमचं लिवल्यालं तिला वाचून दावतो.

सीनाकाठच्या ताई, काढणीचं एक सांगतो. रताळं मधून कापा आन् चीक वाळू द्या. पांढरा ऱ्हायला तर माल पक्का झाला. हिरवट-काळा पडला तर आजून थांबा. आषाढीचा बाजार गाठायला लोक कवळाच माल उपटत्यात, आन् मंग खतावर खापर फोडत्यात.

---

शेंगाचटणी
11 जानेवारी, सकाळी 8:20

माझ्या मनातलं एक विचारते. बाजारातून आणलेलं एखादं रताळं कडू निघतं, ते युरियामुळे का? आमच्या सोसायटीत सगळ्या असंच समजतात.

---

मृदा_वाचक
11 जानेवारी, सकाळी 9:05

त्याचं नेहमीचं कारण रताळ्याचा सोंड्या भुंगा. अळी आत बोगदे करते आणि कंद स्वतःच्या बचावासाठी कडू द्रव्यं तयार करतो. बुरशी लागली तरी तसंच. डाग कापून उरलेलं खाऊ नका, टाकून द्या. कडवटपणा डागाच्या पलीकडेही पसरलेला असतो.

सोलापूरच्या काळ्या रानात याला आणखी एक वाट मिळते. पाण्याला ताण पडला की जमीन भेगाळते आणि भुंगा भेगांतून थेट गड्ड्यापर्यंत पोचतो. म्हणून भर लावणं (वेलाच्या बुडाशी माती चढवणं) आणि जमीन भेगाळू न देणं हाच पहिला उपाय, औषध त्यानंतर. इथे पुन्हा नत्राचा संबंध येतोच. वेलाखाली रान झाकलेलं दिसतं म्हणून शेतकरी निर्धास्त राहतो आणि खाली पडलेल्या भेगा दिसतच नाहीत.

---

गोठा_आणि_गुरं (बार्शी)
11 जानेवारी, सकाळी 11:40

जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणून मध्येच लिहितो. कडू, कुजकी, बुरशी आलेली रताळी बरेच जण गोठ्यात टाकतात. कृपा करून टाकू नका. त्या कंदात तयार होणाऱ्या विषारी द्रव्याने गाई-म्हशींच्या फुप्फुसात पाणी होतं, जनावर धापा टाकतं आणि दगावतं. यावर हमखास उतारा नाही. ताजा हिरवा वेल चालतो, चांगला चारा आहे, पण एकदम भारा न टाकता हळूहळू सवय करा. वेलावर फवारणी झाली असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेला काळ उलटून गेल्याशिवाय घालू नका.

---

सेंद्रिय_मंगळवेढा
11 जानेवारी, दुपारी 2:25

वेलाचा विषय निघालाच आहे तर, फिलिपिन्स, चीन आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत कोवळ्या शेंड्यांची भाजी खातात. पोषणपाणी ताई, यात किती तथ्य आहे? आपण सगळं गुरांना घालतो.

---

पोषणपाणी
11 जानेवारी, रात्री 8:50

पूर्ण तथ्य आहे. कोवळ्या पानांत गड्ड्यापेक्षा प्रथिनं आणि लोह जास्त असतं, शिवाय ल्युटीन, जे डोळ्यांसाठी चांगलं. नत्र पानांकडे जातं असं मृदा_वाचक सर सांगताहेत, ते अशा रीतीने माणसाच्या ताटात आणता येतं. लसूण-मिरचीच्या फोडणीत, शेंगदाण्याचं कूट घालून मेथीसारखी भाजी करा. पानांत ऑक्झलेट असतं, त्यामुळे मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपून. फवारणी केलेल्या रानातली पानं खाऊ नका, हे वेगळं सांगायला नकोच. आणि सगळे शेंडे खुडलेत तर गड्डे पोसणार नाहीत, म्हणून कडेच्या एका सरीतलेच घ्या.

---

सीनाकाठची
12 जानेवारी, रात्री 9:35

सगळं घरात मोठ्याने वाचलं. दीर आणि मामंजी दोघेही बसले होते. असं ठरलंय, चुकत असेल तर आत्ताच सांगा.

आषाढीच्या लागणीत पाऊण एकराचे तीन भाग करायचे, पाणी आणि बेणं सगळीकडे तेच. पहिल्या भागात आमची जुनी पद्धत. दुसऱ्यात नत्र एकूण 30 किलो एकरी या हिशेबाने, निम्मं लागणीला आणि निम्मं महिन्याने, त्यानंतर काही नाही, दाणेदार सुपर आणि ठिबकमधून 0:0:50. तिसऱ्यात दिरांच्या म्हणण्याप्रमाणे फक्त कुजलेलं शेणखत आणि जीवामृत. कडेला चार सऱ्या भू सोनाच्या, बेणं मिळालं तर.

दुसऱ्या भागातल्या मालाच्या चिठ्ठीचा मजकूर असा लिहिलाय:

"लाल सालीची, पांढऱ्या गराची रताळी. शेणखत आणि मोजून दिलेलं रासायनिक खत वापरलं आहे. लागणीला एक महिना झाल्यानंतर पुढे युरिया दिलेला नाही. फवारणी: (औषधाचं नाव, तारीख). ऊर्जा, तंतू आणि पोटॅशियम मिळतं. अ जीवनसत्त्व या वाणात नगण्य. मधुमेह असल्यास उकडून, बेताने खावीत. कडू लागल्यास टाकून द्या, आम्ही बदलून देऊ."

मामंजींना "अ जीवनसत्त्व नगण्य" हे वाक्य पटत नाहीये. म्हणतात, आपल्याच मालाची उणीव आपण का छापायची? मी ते वाक्य ठेवणार आहे. ज्या घरी मी पोच देते तिथल्या आया मुलांच्या डोळ्यांसाठी म्हणून रताळी घेतात आणि गाजर-पालक बंद करतात, हे मी ऐकलंय.

---

शेंगाचटणी
12 जानेवारी, रात्री 9:50

ते वाक्य नक्की ठेवा, ताई. मी अशी चिठ्ठी आजवर कोणत्याच भाजीवर बघितलेली नाही. आमच्या सोसायटीचं आषाढीचं पैसे आगाऊ देऊन नाव लिहून घ्या.

---

मृदा_वाचक
12 जानेवारी, रात्री 10:20

आराखडा चांगला आहे. तीन सुधारणा सुचवतो.

एक, तिन्ही भाग सलग ठेवू नका. नदीकडची बाजू आणि बांधाकडची बाजू यांत मातीचा पोत बदलतो. प्रत्येक पद्धतीच्या सऱ्या तीन ठिकाणी विखरून लावा, नाहीतर फरक खताचा की जमिनीचा ते कळणार नाही.

दोन, तिन्हींची काढणी एकाच दिवशी करा आणि त्याआधीचं शेवटचं पाणीही एकाच दिवशी. ओल्या रानातून काढलेला गड्डा जास्त पाणी घेऊन येतो.

तीन, कोरडा भाग घरीच मोजता येतो. प्रत्येक पद्धतीतले मध्यम आकाराचे दहाबारा गड्डे घ्या, धुऊन पुसून पातळ काप करा, मिसळा, त्यातले बरोबर 200 ग्रॅम सोनाराकडच्या किंवा किराणा दुकानातल्या चांगल्या काट्यावर तोला. उन्हात कडकडीत वाळवा, पुन्हा तोला, दुसऱ्या दिवशी परत तोला. वजन कमी व्हायचं थांबलं की तो आकडा लिहा. 200 चे 60 उरले तर 30 टक्के. उन्हात थोडी ओल राहतेच, पण तिन्ही नमुने शेजारी शेजारी वाळवले तर तुलना खरी होते. जून-जुलैत ढग असतील, तेव्हा गावात कोणाचा सौर वाळवणी यंत्राचा डबा असेल तर तो वापरा.

कॅरोटीनसाठी प्रयोगशाळेत पैसे घालू नका. भू सोना कापल्यावर रंगावरूनच अंदाज येतो. आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने यासाठी रंगपट्टीही केली आहे.

---

पोषणपाणी
12 जानेवारी, रात्री 10:45

मजकुरात एकच बदल. "उकडून, बेताने" ऐवजी माप द्या: "मध्यम आकाराचं एक". बेताने म्हणजे किती हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. आणि भू सोना निघालं तर त्याच्या चिठ्ठीवर "थोड्या तुपाबरोबर किंवा शेंगदाण्याबरोबर खा" हे घाला. स्निग्ध पदार्थ सोबत असला की कॅरोटीन जास्त अंगी लागतं.

---

काळी_जमीन
13 जानेवारी, सकाळी 6:30

ताई, भू सोनाचं बेणं भुवनेश्वरवरून आणायचं म्हणजे वेलाचे शेंडे वाटंत सुकत्यात. मागवाल तवा गड्डेच मागवा. आल्यावर वाफ्यात लावा, पालवी फुटली की तिथलेच शेंडे कापून सरीत लावा. वाफा फेब्रुवारीच्या सुरवातीलाच झाला पायजे, न्हाईतर आषाढी हुकंल. तुमी मागवणार असाल तर माझे बी पाच किलो त्यात धरा, भाडं निम्मं निम्मं करू.

---

सीनाकाठची
13 जानेवारी, सकाळी 7:10

धरले, दादा. आजच फोन लावते. अजून कोणाला हवेत ते आज संध्याकाळपर्यंत इथेच लिहा.